लायलचं नाव कोणी सांगितलं?

१

लायल गॅरिपीचं पिस्तूल आणि बिल्ला ज्या टेबलावर काढून घेतला, त्याच्या मागच्याच भिंतीवर एक पोस्टर आहे: 'मन मोकळं करा. आम्ही ऐकतो आहोत.' खाली हसणाऱ्या पोलिसाचा फोटो. तो पोलिस नाहीच, कॅल्गरीहून आणलेला मॉडेल आहे. कॅनडातल्या आमच्या मार्लो शहराच्या ठाण्यात खरं हसणारं कोणी सापडलं नसावं.

मी ओरिसिया ह्नात्युक. उभा जन्म पोलिसात काढून सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि आता घरचं खाऊन एक उद्योग करते. नोकरीत काहीतरी भयंकर पाहून ज्यांची झोप उडाली आहे, अशा पोलिसांना मी गुपचूप डॉक्टर मिना फ्रीसनकडे पाठवते. मिना मानसोपचार करते. बिल ठाणं भरतं, पण त्यावर नाव नसतं. कोण येतं ते ठाण्याला कधीही कळणार नाही, या एका वचनावर आमचा सगळा डोलारा उभा होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नदीवरचा बर्फ फुटून एक गाडी आत गेली. लायल पोटावर सरपटत गेला आणि दोन मुलींना ओढून काढलं. त्यांचा धाकटा भाऊ राहिला. वर्तमानपत्रात आलं ते एवढंच, आणि मलाही तेवढंच माहीत. मी त्याला मिनाकडे पाठवलं. तो झोपायला लागला होता, जेवायला लागला होता, श्वानपथकात त्याची निवड होणार होती. तेवढ्यात वरून बोलावणं आलं. "तू उपचार घेतोयस असं कळलं. थोडी विश्रांती घे." विश्रांती म्हणजे पिस्तूल जमा, बिल्ला जमा आणि श्वानपथक विसर.

मी त्याच्या घरी पोचले तेव्हा तो गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसला होता. हीटर बंद, अंगात नुसता शर्ट.

"मिनाने मला विकलं, सार्ज," तो म्हणाला. "ठाण्यातले सगळे माझ्याकडे कसे बघतात पाहिलंत? मी त्या खोलीत जे जे बोललो, ते सगळ्यांना माहीत आहे."

"मिना असं करणार नाही."

"मग तुम्ही केलंत?"

मी त्याच्या कानाखाली वाजवणार होते. पण त्याचे डोळे पाहून हात खाली घेतला.

"नाव आणा," तो म्हणाला. "कोणी सांगितलं ते कळल्याशिवाय मी कोणासमोर तोंड उघडणार नाही. तुमच्याही नाही."

बाहेर त्याची बायको जोआन कोट न घालताच माझ्या मागे धावत आली. "बाई, त्याची शिकारीची बंदूक मी भावाकडे नेऊन ठेवली आहे," ती हळूच म्हणाली. "आज सकाळी त्याने विचारलं, कुठे आहे म्हणून."

२

ठाण्यात निवृत्तांकडूनही पार्किंगचे पैसे उकळतात. त्या दळभद्री नियमापायी मी माझा ट्रक तिथे आजवर एकदाही नेलेला नाही. तो बहिणीच्या दारात लावते आणि पूल ओलांडून पायी जाते. त्या दिवशी तशीच गेले, रागाने इतकी तापलेली की थंडी वाजलीच नाही.

इन्स्पेक्टर ग्रँट ऑडेट माणसांच्या नेमणुका बघतो. हा गृहस्थ नगरपालिकेच्या कचेरीतून थेट आमच्या डोक्यावर येऊन बसला. आयुष्यात एका चोराच्या मागे धावलेला नाही, पण गणवेशाला इस्त्री कडक.

"लायलबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"बसा ना, ओरिसिया. चहा?"

"चहा तुमच्या पोस्टरला पाजा. कोणी सांगितलं?"

"विश्वासू माणसाने. आणि यात शिक्षा वगैरे काही नाही हो. आम्हाला त्याची काळजी वाटते."

"लायलच्या आधी एकाची बढती अडवलीत. एकीला गस्तीवरून काढून फायली लावायला बसवलंत. त्यांचीही काळजीच वाटली का? तुमची काळजी म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे."

ऑडेटने बोटांची टोकं एकमेकांना लावली आणि आवाजात मध ओतला. "तुम्ही चिडणं मी समजू शकतो. तुम्ही स्वतःही त्यातून जात आहात. नियमित जाता म्हणे डॉक्टर फ्रीसनकडे. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही."

मी आ वासला. मिनाला मी नेहमी आमच्या चर्चच्या तळघरात भेटायची, कॉफीवर. तिच्या दवाखान्यात मी जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं.

३

म्हणून आता टाकलं.

मिनाचा दवाखाना शहराच्या पूर्वेला, दुकानांच्या एका बुटक्या रांगेत आहे. एका बाजूला कवळ्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला कर सल्लागार, टोकाला पेरोगीचं दुकान. मिनाच्या दारावर पाटी नाही. मी ट्रक उलटा घेऊन लावला, उतरले आणि पुढच्या जाळीतून निघणारी वायर गाडीला वळसा घालून भिंतीपाशी खांबावरच्या प्लगात खुपसली. वजा तीसमध्ये इंजिन उबेला लावलं नाही, तर परत जायला घोडाच शोधावा लागेल. ती लांब नारिंगी वायर मला रॉय पेनरने बनवून दिली आहे. रॉय माझा जुना गस्तीचा जोडीदार, आता स्टाफ सार्जंट. हा लाल ट्रकही मी याच हिवाळ्यात, दूरच्या एका गावच्या लिलावात, त्याला सोबत नेऊन घेतला होता.

दारात टेस बालतझार बसते. ती भेटीच्या वेळा देते आणि आलेल्याला आल्याचा चहा पाजते. मला बघून तिने भुवया उडवल्या.

"आज इकडे कुठे, सार्जंटबाई? पेरोगी संपले का?"

"तुला कसं कळलं?"

"दर गुरुवारी पिशवी कोटाखाली लपवून जाता की! मला खिडकीतून दिसतं."

आता सांगायलाच हवं. पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. युक्रेनी घरातली बाई त्या विकत आणते, हे माझ्या बहिणीला कळलं तर ती माझं श्राद्ध घालेल. टेबलावर मी त्या स्वतःच्या म्हणून वाढते. माझ्या आयुष्यातलं खरं गुपित काय ते एवढंच.

मिनाने दार लावून घेतलं. ती रागाने पांढरी पडली होती.

"माझ्यावर संशय घ्यायला आलीस?"

"लायल घेतोय. मी विचारायला आले."

"ऐक तर मग. नोएला इथे सगळ्यांत जास्त दिवस येते, ते तुला माहीत आहे, तूच पाठवलंस. तिच्या केसाला धक्का लागला? उलट ती सार्जंट झाली. मी किंवा टेस नावं विकत असू, तर सर्वांत आधी नोएलाचं विकलं नसतं का?"

खरं होतं. आणि टेसला पक्कं माहीत होतं की मी पेरोगीसाठी येते. ती मला रुग्ण म्हणून कशाला खपवेल? ज्याने ऑडेटचे कान भरले, त्याला नोएला माहीत नव्हती आणि मी मात्र माहीत होते. हे कसलं उफराटं ज्ञान?

"नोएला कशी येते?" मी विचारलं.

"नवरा आणतो, त्याच्या नळदुरुस्तीच्या गाडीतून. का?"

का, ते मलाही कळत नव्हतं. तेवढ्यात जोआनचा फोन आला. लायल सकाळपासून गॅरेजमधून बाहेर आला नव्हता, आणि आता त्याने आतून कडी लावली होती.

४

मी जोआनला सांगितलं, भावाला बोलावून घे, दाराबाहेर बसून राहा, गप्पा मारत राहा, हॉकीवर, हवेवर, कशावरही. नावाशिवाय त्याच्या दाराशी जाऊन उपयोग नव्हता, म्हणून तिथून थेट कॅलम ओशेला गाठलं. कॅलम आमच्या पोलिस संघटनेचा म्होरक्या. सगळ्यांची उणीदुणी त्याच्याकडे असतात, म्हणून तोही माझ्या संशयितांच्या यादीत होता. तो बर्फाच्या रिंकवर पोरींना हॉकी शिकवत होता.

"कॅलम, खरं बोल. ऑडेटला नावं तू पुरवतोस?"

"मी?" त्याने शिट्टी तोंडातून काढली. "ऑडेट पाण्यात बुडत असेल तर मी त्याला बर्फ पुरवीन. तीन माणसं बाजूला काढली माझी, ओरी! मी काय हातावर हात धरून बसलोय? मला वाटलं, कोणीतरी दवाखान्याबाहेरच्या गाड्यांचे नंबर काढतंय. म्हणून नंबर शोधायच्या यंत्रणेत तपासून घेतलं. लायलच्या गाडीचा नंबर कोणीही शोधलेला नाही. बाकी दोघांचाही नाही. तसंही या दिवसांत नंबरपाट्या बर्फाने माखलेल्या असतात."

"माझा नंबर?"

"तुझा कशाला कोण शोधेल? तुझी ती निळी खटारा गाडी अख्खं शहर वासावरून ओळखतं. अजून चालते ना ती? की ढकलत आलीस?"

"चालते की," मी म्हटलं.

निळी गाडी मी भंगारात घालून कित्येक आठवडे झाले होते. मला मिनाच्या दारात पाहिलेल्याला लाल ट्रक माहीत असताच; कॅलमला तो ठाऊकच नव्हता. मी त्याचं नाव यादीतून खोडलं. मग यादीत उरलं कोण? ऑडेट स्वतः, आणि एक असा माणूस की ज्याचं नाव मला अजून दिसत नव्हतं.

५

माझं डोकं पोट भरलेलं असताना बरं चालतं. मी परत त्या दुकानांच्या रांगेत गेले, पेरोगीची गरम पिशवी घेतली आणि खिडकीपाशी उभी राहिले. समोर गाड्यांची रांग होती.

मी हे दृश्य शंभरदा पाहिलं असेल. कवळीवाल्याकडे आलेले म्हातारे, कर भरायला आलेले शेतकरी, सगळ्यांच्या गाड्या तोंड भिंतीकडे करून उभ्या. प्लगचे खांब भिंतीला लागून आहेत आणि इंजिनाची वायर असते पुढे. नाक भिंतीला लावलं की हातभर वायर पुरते. या मुलखात हिवाळ्यात कोणताही शहाणा माणूस गाडी अशीच लावतो.

उलट्या उभ्या होत्या फक्त दोन. एक माझा लाल ट्रक. दुसरी एक करडी गाडी, तिचीही वायर माझ्यासारखीच लांबून वळसा घालून आलेली. थोड्या वेळाने मिनाच्या दारातून टोपी खाली ओढलेला एक तरुण बाहेर आला आणि त्या करड्या गाडीत बसला. मी त्याला ओळखलं. रात्रपाळीचा पोरगा, मीच पाठवलेला.

पिशवी माझ्या हातातून खाली पडली.

पोलिस आपली गाडी कधीही नाक आत करून लावत नाही. हाक आली की मागे घेण्यात वेळ जाऊ नये, म्हणून तोंड रस्त्याकडे. पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि ते हाडात जातं. घरची गाडी, बाजार, लग्न, सासरवाडी, कुठेही. मी निवृत्त झाले तरी सुटलं नाही. चोरून उपचाराला येणारे माझे पोलिस साध्या कपड्यांत येत होते, टोप्या ओढून येत होते, आणि दारात गाडी अशी लावत होते की जणू वर दिवा फिरतोय!

कोणी काहीही फोडलं नव्हतं. बघणारा नुसता गाड्या बघत होता. नोएलाला नवरा आणतो, नळदुरुस्तीवाला, नाक भिंतीला लावून. म्हणून ती दिसली नाही. मी पेरोगी घ्यायला येते, उलटी लावून. म्हणून मी रुग्ण ठरले. हे ऑडेटच्या बापाला सुचलं नसतं. तो कचेरीतला माणूस, स्वतःची गाडी नाक आत करून लावतो. त्याला सांगणारा पोलिसच होता, आणि तोही असा, की ज्याने माझा नवा ट्रक ओळखला. नंबर शोधला नव्हता. ठाण्यात कोणी तो ट्रक पाहिला नव्हता. कॅलमलासुद्धा माहीत नव्हता.

मी मान वर करून रस्त्यापलीकडे बघितलं. तिथे टायरचं दुकान आहे, लिलावात ट्रक घेताना माझ्यासोबत असलेल्या रॉय पेनरच्या मेव्हण्याचं. काचेमागे खुर्ची होती, आणि खुर्चीत कॉफीचा कप घेऊन रॉय बसला होता.

६

"टायर बदलायला आलोय," मला बघून तो म्हणाला.

"दर आठवड्याला झिजतात? कुठे फिरतोस एवढा?"

मी दुसरी खुर्ची ओढली. काचेतून अख्खी रांग दिसत होती, माझा लाल ट्रक मधोमध.

"मी मिनाकडे जाते असं तूच सांगितलंस ना? मी पेरोगी आणत होते, गाढवा!"

"तू? विकतचे?" एवढ्यातही त्याला हसू आलं. मग ते मावळलं. "ओरी, तुझ्याबद्दल मी वाईट हेतूने नाही बोललो. ऑडेट म्हणाला, ज्यांची डोकी ठिकाणावर नाहीत त्यांच्या हातात पिस्तूल नको. मला पटलं."

"कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची, रॉय?"

"डीनला विसरलीस?" आता त्याचा आवाज चढला. "त्या शेतघराच्या दारात डीन मेला तेव्हा मी तिथे होतो. त्याच्या जोडीदाराच्या हातात पिस्तूल होतं आणि तो खांबासारखा उभा राहिला! नंतर कळलं, कितीतरी महिने त्याला रात्री दचकून जाग येत होती. कोणाला बोलला नव्हता. मी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही."

"कोणाला बोलला नव्हता," मी म्हटलं. "तूच म्हणतोयस. बोलला नव्हता म्हणून डीन गेला! आणि तू पकडून कोणाला देतोस? जे बोलायला जातात त्यांना! जे त्या दारापर्यंत चालत गेले, त्यांना! न बोलणारे तुझ्या शेजारी गस्त घालतायत, खुशाल, भरलेलं पिस्तूल घेऊन. ते तुझ्या या काचेतून दिसणार नाहीत कधी. आता कोणी तिथे जाणारही नाही. तू एक डीन वाचवला नाहीस, रॉय, दहा तयार केलेस."

टायर फुगवायचं यंत्र मागे घरघरत होतं. रॉय कपाकडे बघत होता.

"लायल कसा आहे?" त्याने अखेर विचारलं.

"गॅरेजला आतून कडी लावून बसलाय."

त्याने कप खाली ठेवला. तो काहीतरी म्हणाला, बहुधा माफी मागितली. मी थांबले नाही. मी त्याला माफ केलं नाही, आजही नाही, आणि कोणी मला मोठं मन करायला सांगितलं तर त्यालाही हाकलून देईन.

७

ठाण्यात नंतर काय झालं ते आधीच उरकून टाकते, कारण आठवलं की माझं डोकं फिरतं. प्रमुख म्हणाले, प्रकरण शांतपणे मिटवू. मी म्हटलं, शांतपणेच तर माणसं मरतायत. सकाळच्या हजेरीला, सगळी पाळी उभी असताना, मी आत घुसले आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. ऑडेटला एका 'विशेष प्रकल्पा'वर बसवलं, पगार तोच. रॉयने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ठाण्याने त्याच्यासाठी केकसुद्धा कापला. पिस्तूल कोणाचं काढायचं आणि कोणाला परत द्यायचं, ते आता मिना सांगेल आणि ती सांगेल तेवढंच. ही एक गोष्ट मी लेखी घेतली, ती त्यांच्या नरड्यावर पाय देऊन.

पण हे नंतरचं. त्या दिवशी टायरच्या दुकानातून मी सुसाट निघाले ती लायलच्या घरी.

जोआन आणि तिचा भाऊ दाराबाहेर खुर्च्या टाकून बसले होते. ती अजून हॉकीबद्दलच बोलत होती आणि तिचा आवाज पार बसला होता. आतून उत्तर येणं बंद झालं होतं.

मी दारावर मूठ आपटली. "लायल! नाव आणलंय. उघड!"

मी पुन्हा मूठ आपटली. मग कडी सरकली.

तो त्याच बादलीवर जाऊन बसला. मी समोर जमिनीवरच फतकल मारली आणि सगळं सांगितलं: काच, खुर्ची, रॉय, गाड्या. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे त्यांनी फक्त माझी गाडी पाहिली?"

"फक्त गाडी. आणि ती तू पोलिसासारखी लावली होतीस, मूर्खा. माझ्यासारखी."

"आणि आत मी जे बोललो ते?"

"ते मिनापाशी आहे. रॉयला माहीत नाही, ऑडेटला माहीत नाही."

"तुम्हाला सांगितलं असेल तिने," तो म्हणाला. "त्या हातमोज्याचं तरी सांगितलंच असेल."

"कुठला हातमोजा?" मी विचारलं.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, संशयिताकडे बघावं तसा, अगदी निरखून. मला खरंच काही माहीत नव्हतं, आणि ते त्याला दिसलं असावं. त्याचे खांदे खाली आले आणि तो रडायला लागला, मोठ्याने, तोंड न झाकता. जोआन आत आली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली. मी विचारलं नाही, आणि तोही मला सांगू लागला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं.

"मिना अजून दवाखान्यात असेल का?"

"नसेल तर आणू."

तो उठला, अडखळला, भिंतीला धरून सरळ उभा राहिला. "जोआन," तो म्हणाला, "माझे बूट कुठे ठेवलेस?"